चौथा कागद

४ ऑगस्ट

चि. भोंगा हिस,

सोमवार, मंगळवार आणि आज बुधवार, तिन्ही दिवशी सकाळी साडेसहाला रेडिओवर धरणाची पातळी सांगताना तुझी खुर्ची "पातळी" या शब्दानंतरच करकरली. म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे.

खुर्ची रोज वेगळ्या ठिकाणी कुरकुरते. तीन दिवस एकाच जागी कुरकुरली तर तू तिथे बसलेलीच नव्हतीस, तुझा आवाज आधीच भरून ठेवलेला होता. वार तेवढा बदलतो. तो वेगळा वाचून जोडला आहे आणि जोडही धड नाही. "बुधवार"च्या मागे पंखा आहे, "पातळी"च्या मागे नाही. मी त्या इमारतीत बत्तीस वर्षं काढली. मला फसवायचं असेल तर निदान पंखा बंद करून फसवत जा.

आठ वर्षांची असताना तुला मी स्टुडिओत बसवलं होतं. लाल दिवा लागला की आवाज करायचा नाही, एवढंच सांगितलं होतं. तू चार मिनिटं तोंड दाबून बसलीस आणि दिवा विझल्यावर असा टाहो फोडलास की तंत्रज्ञांनी तुझं नाव भोंगा ठेवलं. त्या वयात तुला दिव्याचा मान कळत होता. आता काय झालं?

नियम तुला तोंडपाठ आहे. सहा वाजता धरणावरून पट्टीकाकांचा फोन येतो. पाण्यात उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा ते सांगतात. आपण तो लिहायचा, त्यांना परत वाचून दाखवायचा, आणि त्यांनी "बरोबर" म्हटल्याशिवाय तो हवेत जाऊ द्यायचा नाही. बावीस वर्षं मी हे केलं. अंगात ताप असताना केलं. तुझे आजोबा गेले त्या सकाळीही केलं. तू मात्र सव्वीस जुलैपासून आकडाच सांगत नाहीस. "सामान्य आहे" म्हणतेस. सामान्य हा काय आकडा झाला?

खालच्या आळीतली दोनशे घरं तुझा आवाज ऐकून दिवस सुरू करतात. धरण फुटलं तर पाणी पहिल्यांदा याच आळीत येणार, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. तुझी आई रेडिओच्या तोंडाशी बसते आणि मला सांगते, "आज लेकीचा घसा बरा आहे हं." आज मला तिच्याकडे बघवलं नाही.

हे झोपेसाठी करतेस की कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहून कळव. फोन करू नको. बोललेलं हवेत जातं. आयुष्यभर तोच धंदा केला म्हणून सांगते.

तुझी
मावशी

७ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न.,

तुझे कान आहेत की पोलीस चौकी? पत्र वाचल्यावर आधी खुर्चीला तेल घातलं. मग लक्षात आलं की आता त्याचा काही उपयोग नाही, करकर केव्हाच संगणकात जाऊन बसली आहे.

हो, आधी भरून ठेवते. शुक्रवारी एकदा बसायचं आणि आलेले कागद वाचून टाकायचे. मग रोज जो हवा तो संगणक लावतो. वार मी वेगळे वाचून ठेवलेत, सातही एका दमात, शाळेत पाढे म्हणतात तसे. ही माझी टूम नाही, साहेबांची आहे. त्यांचं म्हणणं, आकडे ऐकले की लोक घाबरतात, शब्द ऐकले की त्यांना धीर येतो. पट्टीकाका निवृत्त झाले. आता धरणाच्या कचेरीतून टाइप केलेला कागद येतो. परत वाचून दाखवायला समोर कुणी नसतंच.

मावशी, तुझ्या काळी टेप कात्रीने कापायचे आणि चिकटपट्टीने जोडायचे. आता सगळं असंच चालतं. मी एकटीने खुर्ची अडवून काय होणार? आणि महिनाअखेरीस माझी कायम नेमणूक व्हायची आहे. सहा वर्षं कंत्राटावर काढली. दर अकरा महिन्यांनी घरी बसवतात, मग पुन्हा नवीन म्हणून घेतात आणि मुलाखतीत विचारतात, "अनुभव आहे का?" मागच्या खेपेला मी म्हटलं, "मुलाखतीचा भरपूर आहे." कुणी हसलं नाही.

तेव्हा कृपा करून साहेबांना पत्र लिहू नकोस. तुझी पत्रं इथे अजून दंतकथेसारखी सांगतात.

आईला सांग घसा बरा आहे. तेवढं तरी खोटं नाही.

तुझी
भोंगा

११ ऑगस्ट

चि. भोंगा हिस,

पट्टीकाका निवृत्त झालेले नाहीत. त्यांची अजून दोन वर्षं बाकी आहेत.

मी काल बसने धरणाच्या वसाहतीत जाऊन आले. ते भांडारात बसून फावडी मोजत होते. मला पाहून उठले आणि एक फावडं हातात धरूनच बोलत राहिले. त्यांना भिंतीवर जायला मनाई आहे.

म्हणाले, "बाई, मी खोटा आकडा देत नव्हतो आणि खरा उरला नव्हता."

"उरला नव्हता म्हणजे काय?"

"पट्टी बावन्नला संपते. सव्वीस तारखेला बावन्न बुडाला. त्याच्या वर खूणच नाही, तर सांगू काय? मी म्हटलं, पट्टी संपली असं रेडिओवर सांगा. तर म्हणाले, तुम्ही जरा फावडी मोजा."

तुला आता कळलं असेल, त्या दिवसापासून आकड्याच्या जागी शब्द का आला.

त्यांच्या बायकोने चहा दिला. घरात बसायला जागा नव्हती, ट्रंका आणि गाठोडी दारापाशी लावून ठेवली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ती म्हणाली, "आम्ही पंधरा दिवस झाले, बांधून ठेवलंय. तुम्ही काय बांधून ठेवलंय बाई?"

येताना बस भिंतीच्या पायथ्यावरून येते. उजवी बाजू कोरडी आहे. डाव्या बाजूला खालपासून पुरुषभर उंचीपर्यंत ओल आहे. दोन दिवस कडक ऊन होतं, तरी ती वाळलेली नाही.

आता एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. त्या शुक्रवारी एकूण किती कागद वाचलेस? प्रत्येकावर काय होतं ते शब्दन् शब्द लिही.

मावशी

१४ ऑगस्ट

ती. मावशीस सा. न.,

चार कागद वाचले.

पहिला तू रोज ऐकतेस. दुसऱ्यावर "सामान्याहून किंचित अधिक, काळजीचे कारण नाही." तिसऱ्यावर "दरवाजे नियमानुसार उघडण्यात येत आहेत." चौथा असा होता: "खालच्या आळीतील बचावकार्य पूर्ण झाले आहे. पाणी ओसरत आहे. नागरिकांनी नदीकाठी गर्दी करू नये."

मी तो वाचला, मावशी. "ओसरत" नीट येईना म्हणून दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी चांगला आला. काचेपलीकडून साहेब मान डोलावून गेले. मला वाटलं, दरवर्षीचा तयार मजकूर असेल. तुझा प्रश्न येईपर्यंत मी त्याचा अर्थच लावला नव्हता. मी वाचते, ऐकत नाही. हे तूच मला पहिल्या वर्षी सुनावलं होतंस.

काल धीर करून साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, "सर, 'घरं सोडा' असा कागद दिसला नाही."

"असा कागद नसतो," ते म्हणाले.

"का?"

"असला तर वाचावा लागतो."

मग फाइल मिटली आणि अगदी मायेने विचारलं, "मावशी कशा आहेत? बसचा प्रवास झेपतो का अजून?"

मी तुझं नावसुद्धा काढलं नव्हतं.

तू आईला घेऊन वर निघ. शाळेच्या टेकडीवर, कुठेही. हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ.

भोंगा

१६ ऑगस्ट

चि. भोंगा हिस,

तुझं पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं. वरचा डिंक पांढरा, खालचा पिवळा. म्हणून हे पत्र पोस्टाने नाही, पट्टीकाकांच्या बायकोच्या हाती पाठवते आहे. उत्तर तिच्याचजवळ दे.

तुझी आई हलायला तयार नाही. मी कपडे भरायला घेतले तर तिने पिशवी उलटी केली.

"लेक स्वतः सांगते आहे, सामान्य आहे. तुझं ऐकू की तिचं?"

"ती आधी भरून ठेवलेलं लावते."

"लावू दे. भरलं तरी तिनेच ना? माझी पोर मला बुडवेल का?"

मी पिशवी तिथेच ठेवून बाहेर पडले. आळीत घरोघर फिरले. सगळीकडे हेच. लोहार म्हणाला, "बाई, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, कुणाचं ऐकू नका, रेडिओचं ऐका? आणि रेडिओवर तर तुमचीच भाची आहे." आवाजावर विश्वास ठेवायची सवय मी या आळीला बावीस वर्षं लावली. आता तीच मला मोडता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. धरणाला दहा वर्षं झाली तेव्हा मी त्याच्यावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला होता. तेव्हा मी तुझ्यासारखीच कंत्राटावर होते. भिंत बांधणाऱ्या इंजिनिअरांची मुलाखत घेतली. ते म्हणाले, "डावी बाजू खडकावर नाही, भरावावर उभी आहे. बावन्नच्या वर पाणी तीन आठवडे थांबलं तर ती बाजू टिकणार नाही. लोकांना हे माहीत असू द्या." एवढं बोलायला त्यांना सदतीस सेकंद लागले. तेव्हाच्या साहेबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "एवढं काढा." मी काढलं. टेप तिरकी कापली, जोड घासला. तो जोड आजही कुणाला ऐकू येणार नाही. पुढच्या महिन्यात मला निर्माती केलं आणि मी ते पद घेतलं.

इंजिनिअर त्यानंतर एकदाच भेटले. कार्यक्रम ऐकलात का, मी विचारलं. ते म्हणाले, "ऐकला. जोड छान जमलाय."

तो तुकडा मी टाकला नाही. बिस्किटाच्या डब्यात आहे.

सव्वीस जुलैला बावन्न बुडाला. आज सोळा ऑगस्ट. दिवस तूच मोज.

आई फक्त तुझं ऐकेल, आळीही फक्त तुझं ऐकेल. समोर बसून, त्या क्षणी बोललेलं. तुला हुकूम करायचा अधिकार मी सदतीस सेकंदांत घालवला आहे. तरी करते. खरं काय ते सांग.

मावशी

१७ ऑगस्ट

मावशी,

उद्या सकाळी साडेसहाला.

कंट्रोल रूममधला दाढीवाला संगणकाची जोडणी काढून देतो म्हणाला. पुढे म्हणाला, "दोन-तीन मिनिटं मिळतील. मग मुख्य कचेरीतून आपोआप सुरू होतं, ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात एरवीही काही नसतं, पण उद्या एक वायर असेल."

पट्टीकाकांना सांग, सहाला घरच्या फोनजवळ बसा. त्यांना वाचून दाखवल्याशिवाय मी काही हवेत जाऊ देणार नाही.

वाईट बातमी उभ्याने वाचावी, असं तू सांगायचीस. उभी राहीन. करकर ऐकू आली तर ती मी नाही असं समज.

आईला रेडिओपाशी बसव आणि तिच्या चपला तिच्या पायाशीच ठेव.

कायम नेमणुकीचा आदेश आज हातात आला. महिनाअखेर म्हणत होते, अचानक घाई झाली. देताना साहेब म्हणाले, "आता तू घरचीच झालीस." पर्समध्ये ठेवलाय. काय करू त्याचं, ते सुचेल तेव्हा लिही.

भोंगा

२५ ऑगस्ट

चि. भोंगा हिस,

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकायचं ते अजून ठरलेलं नाही. तरी तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं आहे, आणि मी कुणाचं उत्तर ठेवत नाही.

करकर नव्हती. अठरा तारखेला साडेसहाला तू बोललीस आणि मागे पंख्याखेरीज काही नव्हतं. मी घड्याळ लावून बसले होते. दोन मिनिटं दहा सेकंद. "धरणाच्या पट्टीवरचा शेवटचा आकडा बावन्न. तो बुडून तेवीस दिवस झाले. ही माहिती मी धरणावरच्या माणसाला परत वाचून दाखवली आहे आणि तो बरोबर म्हणाला आहे. खालची आळी, घरं सोडा. शाळेच्या टेकडीवर जा. सामान घेऊ नका." एवढं तू तीनदा सांगितलंस, घाई न करता, शब्द न गिळता. तिसऱ्यांदा शेवटी म्हणालीस, "आई, तूसुद्धा ऊठ." मग खट् असा आवाज आला, मग आधी भरून ठेवलेली तू. पातळी, करकर, सामान्य आहे.

मी तुझ्या आईकडे पाहिलं. तिचे पाय चपलांमध्ये होते.

"पहिली आपली," ती म्हणाली. "ही दुसरी कोण भवानी आहे? चल."

इतके दिवस हिला फरक कळला नव्हता. दोन्ही आवाज एकामागून एक ऐकल्यावर एका क्षणात कळला.

आळी नऊपर्यंत रिकामी झाली. सगळी नाही. सात माणसं दुसरा आवाज ऐकून घरी राहिली. लोहार त्यांत होता. मी त्याच्या दारावर दोनदा गेले. म्हणाला, "बाई, शेवटी जे सांगितलं तेच धरायचं ना?"

अकरा वाजता आम्ही टेकडीवर होतो. खाली आळी कोरडी ठणठणीत दिसत होती, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. कुणीतरी रेडिओ सोबत आणला होता. त्यावर तू सांगितलंस, खालच्या आळीतील बचावकार्य पूर्ण झाले आहे, पाणी ओसरत आहे. "ओसरत" खरंच चांगला आला आहे. लोक रेडिओकडे पाहत होते, मग खाली पाहत होते. एक बाई हसली आणि म्हणाली, "बघा, आपल्याला वाचवलंसुद्धा." तिच्याबरोबर आणखी चारजण हसले.

अकरा वीसला डावी बाजू गेली.

तो कागद वीस मिनिटं आधी कसा लागला, कुणी घाईत बटण दाबलं की वेळ आधीच ठरली होती, हे मला माहीत नाही. धरण फुटल्यावर उघडलेल्या चौकशी कचेरीला लेखी विचारलं आहे.

तुझ्या केंद्रावर मी एकोणीस, वीस, बावीस आणि चोवीस तारखेला गेले. साहेब भेटले नाहीत. दाढीवाल्याच्या जागी दुसराच माणूस आहे. तो म्हणाला, इथे कुणी दाढीवाला नव्हता. तू सातला बाहेर पडलीस, असं सगळे सांगतात. फाटकावरची वही मी स्वतः उघडून पाहिली. तुझी आत आल्याची वेळ पाच चाळीस, तुझ्याच अक्षरात. बाहेर गेल्याचा रकाना रिकामा आहे. तुझ्या चपला स्टुडिओच्या दाराबाहेर तशाच होत्या, आत घालून जायच्या नाहीत म्हणून तू काढलेल्या. अनवाणी कुठे गेलीस, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नाही.

आणि तू रोज साडेसहाला बोलतेस. धरण उरलेलं नाही, तरी पातळी सामान्य आहे. तुझी आई रेडिओ लावत नाही. टेकडीवरच्या शाळेत आमच्या शेजारी जे लावतात त्यांना ती सांगते, "बंद करा. ती माझी नाही."

पर्समधल्या त्या आदेशाचं काय करायचं, असं तू विचारलं होतंस. त्याचं काय झालं ते खाली येईल.

काल चौकशी कचेरीत देवाणघेवाण झाली. तिची नोंद अशी.

मी दिलं ते: बिस्किटाचा डबा एक, त्यात टेपचा तुकडा, सदतीस सेकंदांचा. तो कुणी कापला, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचं माझ्या सहीचं निवेदन. तुझी तीन पत्रं, मूळ. नकला मी हाताने करून ठेवल्या आहेत. माझ्या बावीस वर्षांच्या आकड्यांच्या वह्या देता आल्या नाहीत, त्या घराबरोबर गेल्या.

मला मिळालं ते: चपला, एक जोड. चष्मा, एक काच तडकलेली. ती आधीपासून तडकलेली नव्हती, हे मी लिहून घेतलं. पर्स एक, आत कंगवा, पेन आणि कायम नेमणुकीचा आदेश, रुजू होण्याची तारीख एक सप्टेंबर.

त्यांच्या छापील फॉर्मवर खाली "व्यक्ती" असा एक रकाना होता. कारकून म्हणाला, "हा कोरा सोडू या बाई."

मी म्हटलं, "कोरा सोडायचा नाही. लिहा. निवेदिका, एक. आत आल्याची नोंद आहे. बाहेर गेल्याची नोंद नाही. सुपूर्द केलेली नाही."

त्याने लिहिलं.

"आता मला परत वाचून दाखवा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं. मी "बरोबर" म्हटलं आणि सही केली.

मावशी